शेहेचाळीस

तिघांच्या हातात एक नंबर होता.
मेडिकलमध्ये, रक्त घेण्याच्या खिडकीपाशी, सकाळी पावणेआठला,
तिघंही उपाशीपोटी.
कामठीच्या रशीदाबी,
खाप्याचा एक कोवळा ड्रायव्हर,
आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांनी आपला चिठोरा
उजेडाकडे धरून दोनदा वाचला.
"माहा एक हाय."
"मंग माह्या हातात काय खर्‍याची पुडी हाय?"
मास्तर म्हणाले, गणितात असं होत नाही.

होतं, सर.
काल संध्याकाळी मीच केलं.

कागद वाचवायचा, म्हणून डवरेकाका म्हणाले होते,
एका पानावर तीन उभ्या रांगा घे, कात्रीला बरं पडते.
मी ए-मध्ये एक लिहिला, खाली दोन,
कोपर्‍यातला ठिपका धरून ओढत नेला,
पंचेचाळीसपर्यंत आकडे मुकाट उतरले.
मग नाव आणि वेळ यांची घरं सोडून डी,
तिथेही एक, दोन, ओढ.
मग जी.
यंत्राला काय ठाऊक शेजारी कोण राहतं.
त्याला प्रत्येक उभी रांग म्हणजे नवं गाव
आणि प्रत्येक गावात पहिला तो पहिलाच.

रात्री तांडापेठेत बाबांना सांगितलं.
त्यांनी एवढंच विचारलं, "मारलं त नाई ना कोनं?"
आणि कूलरमध्ये पाणी ओतायला उठले.
कूलर ठेवलाय तिथे आमचा माग होता.
ताणा भरताना बाबा ओठांतल्या ओठांत धागे मोजत,
कुणी हाक मारली तर हात वर करत,
आकडा जणू त्या तळहातावर धरून ठेवलेला.
मी सात वर्षांची, मागून जाऊन ओरडायची,
सत्तावीस, बाबा, सत्तावीस!
मोजणी सांडायची.
ते हसायचे आणि पुन्हा एकपासून.
किती वेळ वाया घालवला मी त्यांचा,
तो हिशेब कुठल्याच घरात नाही.

दुसर्‍या दिवशी डी-च्या पहिल्या घरात
आकडा लिहिलाच नाही.
लिहिलं: बरोबर, ए शेहेचाळीस, अधिक एक.
(ए शेहेचाळीसमध्ये पंचेचाळीस बसलेला असतो,
वरची ओळ मथळ्याने अडवलेली.
हे डवरेकाकांना तीनदा समजावलं,
चौथ्यांदा ते चहाला गेले.)
खालच्या प्रत्येक घराला सांगितलं,
तुझ्या डोक्यावर जो असेल, त्यात एक मिळव.
तोच मजकूर उचलून जी-मध्ये ठेवला
तर तो आपणच तीन घरं सरकला,
ए विसरला, डी म्हणू लागला,
आणि वर उभा राहिला एक्क्याण्णव.
मी एकटीच हसले. पंखा फिरत होता.

पण छापून हातात आल्यावर दिसलं:
पंचेचाळीस पानाच्या तळाशी,
शेहेचाळीस पार माथ्यावर,
मध्ये सगळा पांढरा कागद.
कात्रीने कापल्यावर तर
कोण कुणाच्या मागे, हे कागदालाही सांगता येऊ नये.

मे महिन्याच्या एका मंगळवारी
बाबा शुगर तपासायला आले.
माझी ओळख सांगितली नाही, रांगेतून आले,
डवरेकाकांनी चिठोरा दिला: शेहेचाळीस.
"बाहेरही तेवढंच हाय जी," कुणीतरी म्हणालं.
बाबांनी दुपट्ट्याने मान पुसली,
आणि खिडकीकडे न बघता
बाकांवरच्या गर्दीला विचारलं,
"पंचेचाळीस कोन हाय?"

पायरीवर, भिंतीच्या सावलीत,
एका बाईने झोपेतच हात वर केला.
बाबा जाऊन तिच्या मागे बसले.
ओठ हलत होते त्यांचे,
पुढचे किती, किती झाले, किती उरले.

मी माइक तोंडाशी नेला.
आता कुणाला बोलवायचं, ते पडद्यावर होतं.
क्षणभर थांबले.
मग बोलावंच लागलं:
सत्तावीस.